हे तुम्हीच केलंय का?

हस्तकलेच्या कुठल्याही प्रदर्शनात गेले की माझा एक प्रश्न ठरलेला असतो: "हे तुम्हीच केलंय का?"

विचारायला सोपा प्रश्न. उत्तरं मात्र नाना तऱ्हेची येतात. "आमचे कारागीर आहेत ना, मॅम." "डिझाइन माझं, काम गावाकडे करून घेतो." "थेट गावातून येतो माल." कधी नुसतं हसून कार्ड पुढे केलं जातं. आणि अधूनमधून एखाद्या कोपऱ्यातल्या टेबलामागून उत्तर येतं, "हो, मीच." असं म्हणणारा माणूस मग थांबत नाही. वस्तू उलटी करून दाखवतो, जोड कुठे दिलाय ते दाखवतो, आधीच्या वेळी काय बिनसलं होतं तेही सांगून टाकतो. मी प्रदर्शनांना जाते ती या माणसांसाठी. जो ठरवतो तोच घडवतो आणि जो घडवतो तोच समोर उभा राहून विकतो, अशी जागा आपल्या बाजारात आता फारशी उरलेली नाही. जिथे उरलीय तिथे आपण गर्दी करायला हवी असं मला मनापासून वाटतं.

थंडी पडली की आपल्याकडे या प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. पुण्यात डिसेंबरात कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर भीमथडी जत्रा भरते. तिथे बचत गटांच्या बायका असतात, मांडे असतात, चुलीवरची भाकरी असते आणि त्यांच्या जोडीनं हातकामाचे गाळेही असतात. मुंबईत १९९९ पासून काळा घोडा कला महोत्सव होतो. नऊ दिवस रॅम्पार्ट रोवर मांडणीशिल्पांपुढे फोटोसाठी ही झुंबड उडते, आणि त्या झुंबडीच्या पलीकडे गाळ्यांच्या ओळी लागलेल्या असतात. बेलापूरला सिडकोचं अर्बन हाट आहे. शिवाय शाळांच्या सभागृहांत, मंगल कार्यालयांत, एखाद्या जुन्या वाड्याच्या चौकात भरणारी छोटी प्रदर्शनं वेगळीच. मला विचाराल तर ही छोटी प्रदर्शनंच जास्त चांगली. तिथे बोलायला उसंत असते. मोठ्या जत्रेत दुपारी चारनंतर करणाऱ्याला मान वर करायला फुरसत नसते आणि बघणाऱ्याला उभं राहायला जागा नसते.

अशाच एका छोट्या प्रदर्शनात मी तांब्याचं काम जवळून पाहिलं. पुण्यातल्या कसबा पेठेच्या बाजूची तांबट आळी बहुतेकांना ऐकून माहीत असते. पेशवाईत कोकणातून येऊन इथे वसलेली ही मंडळी. घंगाळ, हंडे, कळश्या, बंब ही त्यांची मुख्य कामं. मग घरोघर स्टील आलं, न्हाणीघरात गीझर आला आणि बंब माळ्यावर गेला. आळीतल्या कितीतरी घरांनी हातोडा खाली ठेवला. काहींनी ठेवला नाही, त्यांच्यापैकीच एका घरातला तिशीतला मुलगा गाळ्यावर बसला होता. त्यानं विकायच्या वस्तू मागे मांडल्या होत्या आणि पुढे स्वतःची काम करायची जागा केली होती. लोखंडी दांड्यावर एक पसरट वाडगं उपडं टाकून तो मठारत होता, म्हणजे हातोड्यानं ओळीनं ठोके देत होता.

मी बराच वेळ तिथे उभी राहिले. उजवा हात एकाच जागी वरखाली होतो आणि फिरतं ते भांडं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. डाव्या हाताची बोटं भांडं अगदी जरासं सरकवतात, तेवढ्यात ठोका पडतो, पुन्हा बोटं सरकवतात. तळाच्या मधल्या बिंदूपासून सुरुवात. पहिलं वर्तुळ बोटाच्या टोकाएवढं, त्याला लागून दुसरं, मग तिसरं. प्रत्येक ठोक्याची कड शेजारच्या ठोक्यावर किंचित चढलेली. मध्ये फट राहिली तर तिथे डाग दिसतो, फार चढला तर ओळ वाकडी जाते. तो माझ्याशी बोलत होता, एका बाईंना पिशवी काढून देत होता, आणि पुन्हा हातोडा उचलला की ठोका बरोबर जिथे सोडला होता तिथूनच पुढे.

"लोकांना वाटतं ही नक्षी आहे," तो म्हणाला. "नक्षी नंतर. ठोक्यानं तांबं कडक होतं. नुसत्या पत्र्याचं ताट दोन्ही हातांनी दाबलंत तर वाकेल. हे दाबून बघा."

मी दाबून पाहिलं. वाकलं नाही. तांब्याची गोष्टच अशी की तापवलं की मऊ पडतं आणि थंडपणी ठोकलं की घट्ट होतं. आपल्या आज्यांच्या घंगाळांवर ज्या चकाकणाऱ्या टिकल्याटिकल्या दिसायच्या, त्यांच्यामुळे ती घंगाळं इतकी वर्षं टिकली. शोभा आली ती टिकाऊपणाच्या मागोमाग.

पण मला त्याच्याबद्दल लिहावंसं वाटतं ते दुसऱ्याच कारणानं. त्याच्या वाडग्यांवर मठार काठापर्यंत जात नव्हती. काठाखाली दोन बोटं जागा त्यानं गुळगुळीत सोडली होती. का, म्हणून विचारलं. "काठाला आपण धरतो ना. तिथं अंगठा फिरायला सपाट बरं वाटतं. आणि पुसायला सोपं." वडिलांच्या कामात अशी जागा नसायची, ही त्याची स्वतःची. हे त्याला कुठल्या संस्थेनं शिकवलं नव्हतं की कुणी कागदावर काढून दिलं नव्हतं. हजारो ठोके मारणाऱ्या हाताला आणि तेच भांडं घरी वापरणाऱ्या हाताला जे कळलं, ते त्यानं वस्तूत उतरवलं होतं. याहून वेगळं डिझाइन काय असतं? आणखी एक गोष्ट. मी माझा ठरलेला प्रश्न विचारला तेव्हा तो म्हणाला, "आकार मशीनवर काढून घेतलाय. मठार माझी, जोड माझा, कल्हई बाहेरची." इतकं चोख उत्तर मला क्वचित मिळालंय. सगळं हातानंच केलंय असं सांगितलं असतं तर मला कुठे कळणार होतं?

दुसरा गाळा घोंगडीचा. सांगलीच्या जत तालुक्याकडचं सणगर, म्हणजे घोंगड्या विणणाऱ्या समाजातलं जोडपं होतं. बाई सूत काढते, नवरा विणतो, आणि काय विणायचं ते दोघं मिळून ठरवतात. घोंगडी म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? पावसात डोक्यावर खोळ घेऊन मेंढरांमागे चाललेला धनगर, खंडोबाचं जागरण, बिरोबाची यात्रा. वस्तू इतकी ओळखीची की तिच्याकडे पुन्हा बघायचं आपल्याला सुचत नाही. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, चिवट असते. कातरायची, पिंजायची, चरख्यावर सूत काढायचं, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची, ती वाळू द्यायची आणि मग खड्ड्यातल्या मागावर विणायचं. खळीमुळे नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ असते, वापरून वापरून ती अंगाला येते.

मी तिथे असताना एका तरुण मुलीनं विचारलं, "याचे स्कार्फ नाही करत?"

"टोचंल ओ ताई," बाई लगेच म्हणाली. "ही लोकर मानेला न्हाई चालत. पायाखाली घाला, बसायला घ्या. जमिनीवर अंथरा, पोरं लोळू देत."

मला ते उत्तर फार आवडलं. याच लोकरीचे स्कार्फ, स्टोल, लॅपटॉपच्या पिशव्या करून विकणारे बघितलेत मी. ते वापरून बघा, अर्ध्या तासात मानेला खाज सुटते. शहरी गिऱ्हाईक स्कार्फ मागतं म्हणून स्कार्फ करायचा, लोकर काय म्हणते ते ऐकायचंच नाही. हिनं लोकरीचं ऐकलं होतं. तिची बसकरं चौकोनी होती आणि त्यांच्यावर काळे, करडे, तपकिरी, पांढुरके पट्टे होते. रंग एकही दिलेला नव्हता. सगळ्या छटा मेंढ्यांच्या अंगावरच्याच, कातरतानाच रंगवार वेगळ्या काढून ठेवलेल्या. पट्ट्यांची रुंदी एकसारखी नव्हती. का, तर त्या त्या रंगाची लोकर जेवढी निघाली तेवढा पट्टा. दोन बसकरं एकसारखी होत नाहीत ती यामुळे. पुन्हा सांगते, हे कुठल्याही स्टुडिओत ठरलेलं नव्हतं. जेवढं मिळालं तेवढ्यात बसवायची सवय असलेल्या घरातून ते आलं होतं. त्यांच्या चिठ्ठ्यांवर पेनानं दोघांची नावं लिहिलेली होती, नवऱ्याचं आणि तिचं. सूत काढणाऱ्या बाईचं नाव विकायच्या वस्तूवर लिहिलेलं मी तरी फारसं पाहिलेलं नाही. एका घोंगडीचं विणकाम सुरू व्हायच्या आधी केवढं सूत कातावं लागतं, ते बघितलं की हे नाव इतकी वर्षं कसं गाळलं गेलं याचं वाईट वाटतं.

"लोकर मिळते का पुरेशी?" मी विचारलं.

"आमच्याकडं आता लोकरीचं मेंढरू कोण पाळतंय? सगळी माडग्याळ पाळत्यात. मटणाला बरी."

माडग्याळ हे त्यांच्याच तालुक्यातलं गाव, आणि त्याच नावाची मेंढी: उंच, बाकदार नाकाची, अंगावर लोकर जवळजवळ नाहीच. कातरणीची मजुरी लोकरीच्या भावातून सुटत नाही, मग धनगरानं लोकर का जपावी? कितीतरी ठिकाणी कातरलेली लोकर नुसती टाकून दिली जाते. म्हणजे ते बसकर विकलं जाणं हा एका घराच्या मिळकतीपुरता मामला नाही. मागाला काम असेल तर लोकरीला भाव, लोकरीला भाव असेल तर दख्खनी मेंढी कळपात राहणार. साखळी एवढी लांब आहे आणि तिचं एक टोक प्रदर्शनातल्या त्या टेबलावर आहे.

आता खणाबद्दल बोलायला हवं, कारण हल्ली मराठी प्रदर्शन आणि खण हे समीकरणच झालंय. खण मूळचा कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. लहान पन्ह्याचं कापड, बारीक बुट्ट्यांचं, त्रिकोणी घडी घालून ओटीत यायचं आणि इरकलीवर त्याची चोळी व्हायची. गेल्या काही वर्षांत खणाची साडी आली, मग पर्स, डायरी, तोरण, आकाशकंदील, गाडीत लटकवायची शोभेची वस्तूसुद्धा. एकेका प्रदर्शनात ओळीनं गाळे आणि सगळ्यांकडे तीच पर्स, तोच हिरवा, तेच जांभळे काठ. त्यातलं पुष्कळसं कापड यंत्रमागावरचं, कृत्रिम धाग्याचं. शिवणाऱ्या बायकांचे कष्ट खरे आहेत, त्यांना मी नावं ठेवणार नाही. कुणाची शाळेची फी त्यातून भरली जाते. पण नवं कापड आणून जुन्या पर्सच्या मापावर शिवणं म्हणजे खणाला पुन्हा जिवंत करणं नव्हे. गुळेदगुड्डच्या हातमागावर बसलेल्या विणकराच्या पदरात यातलं काय पडतं? "खण आमची परंपरा" असं फलकावर लिहिणाऱ्यांनी निदान एकदा तरी विणकराचं गाव लिहावं.

डोकं एकाचं आणि हात दुसऱ्याचे, ही विभागणी आपल्याकडे फार सहज मान्य झालीय. तिच्यामागचा इतिहास वाईट हेतूचा मुळीच नाही. १९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झालं, कमलादेवी चट्टोपाध्याय त्याच्या प्रमुख झाल्या, आणि त्यांनी देशभर हिंडून मरणपंथाला लागलेल्या कला शोधून काढल्या. १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था आली. तिथले विद्यार्थी गावोगाव गेले, कारागिरांबरोबर राहिले. त्या कामाचं ऋण मोठं आहे. (ते हस्तकला मंडळ २०२० साली बरखास्त झालं, त्याची बातमी कुठल्याशा आतल्या पानावर आली आणि विरून गेली. मला त्याची अजून खंत आहे.) पण या सगळ्यात एक घडी बसून गेली: डिझायनर शहरातून येणार, कागद घेऊन, कारागीर गावात बसणार, तो कागद वस्तूत उतरवणार. दुकानात नाव लागणार ते कागदवाल्याचं.

ही घडी मोडून दाखवली कच्छनं. ज्युडी फ्रेटर या अमेरिकन अभ्यासक बाई कच्छच्या भरतकामाचा अभ्यास करायला आल्या आणि अनेक वर्षं तिथेच राहिल्या. त्यांनी २००५ मध्ये कला रक्षा विद्यालय सुरू केलं, आणि पुढे २०१४ मध्ये मुंबईच्या सोमैया ट्रस्टच्या पाठबळानं आदिपूरला सोमैया कला विद्या उभी राहिली. तिथे विद्यार्थी कोण? विणकर, बांधणीवाले, अजरखचे छपाई करणारे, भरतकाम करणाऱ्या बायका. शिक्षण त्यांच्या भाषेत, इंग्रजीची अट नाही. वर्षभरात दोन-दोन आठवड्यांचे वर्ग, मधल्या काळात घरी जाऊन स्वतःचं काम करायचं आणि शिकलेलं त्यात लावून बघायचं. रंग, मांडणी, बाजार, शेवटी स्वतःची मालिका. घराणं, सण, पीक, माग यातलं काहीच सोडावं लागत नाही. तिथून बाहेर पडलेली माणसं प्रदर्शनात स्वतःच्या नावानं बसतात. काळा घोड्याजवळच्या एका दालनात त्यांचं काम मी पाहिलंय. विणकर समोर उभा राहून हा कोपरा रिकामा का सोडला, तो सांगत होता आणि मुंबईच्या बायका मुकाट ऐकत होत्या. त्याच्याशी भावात घासाघीस करायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

त्याच संस्थेनं 'भुजोडी ते बागलकोट' नावाचा एक उपक्रम केला. कच्छमधल्या भुजोडी गावचे विणकर बागलकोटच्या इरकल विणकरांकडे गेले आणि आपण जे शिकलो ते त्यांना सांगू लागले. विणकरानं विणकराला शिकवायचं. इरकलीच्या टोपे-टेणी पदराचा, साडीच्या ताण्याला पदराचा ताणा एकेक धाग्यानं गुंतवत जोडण्याचा अर्थ दुसऱ्या विणकराला जसा कळेल तसा तो शिकवायला आलेल्या कुठल्या बाहेरच्याला कळणार? आपल्या खणाच्या, इरकलीच्या प्रदेशात हे झालं आणि महाराष्ट्रात त्याची चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. पैठणी, हिमरू, घोंगडी, सावंतवाडीची लाखकाम केलेली लाकडी खेळणी, तांबटकाम: इतकं सगळं पदरी असलेल्या राज्यात, कारागिरासाठी कारागिराच्या वेळापत्रकानं चालणारी अशी शाळा निघावी असं माझं ठाम मत आहे.

किमतीचा विषय प्रत्येक गाळ्यावर निघतो. "मशीनचं तीनशेला मिळतं." मिळतं, खरं आहे. पण समोरच्यानं प्रवासखर्च केलाय, गाळ्याचं भाडं भरलंय, तेवढे दिवस घरचा माग बंद ठेवलाय. त्याहून मला टोचतात ते फोटो काढून जाणारे. घ्यायचं काही नाही, पण प्रत्येक बाजूनं फोटो. काही महिन्यांत तीच वस्तू कुठेतरी साच्यातून निघालेली दिसते. भौगोलिक मानांकन नव्या कल्पनेला वाचवत नाही, ते परंपरेला आणि प्रदेशाला मिळतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी ते मिळालं, तरी जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोच्या मंचावर तशीच चप्पल नाव न घेता चालून गेली आणि आपण खवळलो. खवळलो ते बरोबरच. पण कोल्हापुरीतली कापशी म्हटलं की गावाचं नाव येतं, ती चप्पल शिवणाऱ्या घराचं नाव आपल्यापैकी किती जणांनी कधी विचारलंय? नव्या आकाराला, नव्या रचनेला संरक्षण हवं तर २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी करावी लागते. ती आधी दहा वर्षांसाठी मिळते, पुढे पाच वर्षं वाढवता येते. काठाखाली दोन बोटं जागा सोडणाऱ्या त्या तांबटानं हे अर्ज कधी भरायचे?

आयोजकांना यात पुष्कळ करता येईल. स्वतः घडवणाऱ्याला गाळ्याचं भाडं कमी आणि माल आणून विकणाऱ्याला जास्त, एवढं केलं तरी ओळीतल्या निम्म्या पर्सा आपोआप कमी होतील. प्रत्येक गाळ्यावर एक फलक लावायला सांगावा: ठरवलं कुणी, केलं कुणी, कोणती पायरी यंत्रावर झाली. ज्यांना लपवायचं काही नाही ते आनंदानं लावतील. काम चालू असलेलं दिसेल अशी जागाही द्यावी. तांबटाच्या गाळ्यापुढे उभी राहिलेली माणसं खरेदी न करता गेली तरी ठोका कशासाठी असतो ते समजून गेली, आणि त्यातली काही परत आली. मी पाहिलं ते.

घोंगडीवाल्या बाईकडे मला जमिनीवर अंथरायला मोठं हवं होतं. तयार नव्हतं. तिनं पिशवीतून वही काढली आणि माझ्याकडून खोलीचं माप घेतलं. उन्ह येतं का, फरशी कसली आहे, घरात लहान मूल आहे का, हेही विचारलं. करड्या लोकरीत करू म्हणाली, काळी नुसती कडेला, कारण काळ्यावर धूळ फार दिसते. मी पांढऱ्या पट्ट्याचं सुचवलं तर तिनं सरळ नाही म्हटलं. पांढरी लोकर यंदा थोडी निघालीय, ती आधीच्या दोन वह्यांतल्या लोकांची आहे. पुढची कातरणी झाल्यावर तुमचा नंबर, म्हणाली, आणि आगाऊ पैसे घेतल्याची पावती नवऱ्याकडून लिहून घेतली.